जयवंतीबाईंच्या जागेपर्यंत

गेल्या हिवाळ्यात मी एका बाईची बसायची जागा दुसऱ्या बाईला देऊन टाकली. विचारलं कोणालाच नाही. ही माझी चूक आहे आणि ती आधी सांगितल्याशिवाय पुढच्या चार दिवसांचं वर्णन करणं मला जमणार नाही, कारण ते चार दिवस त्या चुकीमुळेच घडले.

मी मुलुंडचा. विमा कंपनीत आयुष्य गेलं. पन्नाशी उलटल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि अंधेरीच्या एका संस्थेत बिनपगारी काम मागितलं. आपलं सगळं नीट झालं, इतरांचं झालं नाही, ही बोच होती. संस्थेने मला गोराईच्या कोळणींच्या बचत गटाकडे पाठवलं. बर्फाच्या पेट्या, परवाने, बँकेची कामं. या बायका सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला येतात आणि एका गल्लीत रांगेने मासळी विकायला बसतात. मी आठवड्यातून दोनदा त्या गल्लीत जात असे, पण कोण कुठे बसतं हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

रांगेत हिरामावशींच्या शेजारची एक जागा बरेच दिवस रिकामी होती. तिथे मासळीची एक रिकामी पाटी पालथी घातलेली आणि तिच्यावर दगड. त्याच सुमाराला संगीता नावाची गोराईचीच एक तरुण सून माझ्या मागे लागली होती, "सर, मना पण बसायला जागा बघा ना." एका सकाळी मी दगड बाजूला केला, पाटी उचलली आणि संगीताला म्हणालो, बस. रांगेतल्या बायका बघत राहिल्या. कोणी बोललं नाही, तो मी होकार समजलो. संध्याकाळी ऑफिसच्या अहवालात लिहिलं, वापराविना पडलेली जागा उपयोगात आणली.

ती जागा जयवंतीबाईंची होती. त्यांचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचे कागदही मीच करून दिले होते. म्हणून त्या घरी होत्या, आणि रांगेने त्यांची जागा राखून ठेवली होती. बऱ्या होऊन आल्या तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्यांनी संगीताकडे पाहिलं, हिरामावशींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आल्या तशा वळून गेल्या. काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. तरी मी त्यांच्या मागे गेलो नाही. पुढचे कित्येक आठवडे गेलो नाही.

मग संस्थेतल्या रुजुताचा फोन आला. वयाने माझ्या मुलीएवढी, पण माझी वरिष्ठ. "काका, तुमचं वर्ष संपतंय. गोराईला अजून एक वर्ष थांबता की देवनारला येता? डम्पिंगच्या बाजूला कचरा वेचणाऱ्या बायकांचं नवीन काम सुरू करतोय. सोमवारी सांगा."

देवनार हा शब्द ऐकून मला हलकं वाटलं. तिकडे गरज जास्त, काम मोठं, अशी कारणं मी बायकोला, मेधाला, जेवताना सांगत होतो. ती म्हणाली, "देवनारचं एवढं कौतुक कालपर्यंत नव्हतं तुला."

ते लागलं. वर्षभरात मी गोराईत एक रात्रही राहिलो नव्हतो. निर्णयाआधी निदान राहून यावं म्हणून हिरामावशींना फोन केला, चार दिवस येऊ का?

"कशाला? घर पडलं काय तुझं?"

"नाही हो, असंच."

"असंच कोण येतं? ये. पाणी जपून वापरायचं, आधीच सांगते."

खाडी

मुलुंडच्या माणसाला गोराई परदेशासारखी. आमच्याकडे ठाणं म्हणजे शेजार, पण गोराईला जायचं म्हटलं की लोक पिकनिक का म्हणून विचारतात. बोरिवलीच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की काही मिनिटांत पलीकडे. बोटीत माणसांबरोबर मोटरसायकली चढतात, गॅसची टाकी चढते, एकदा मी खिडकीची चौकट चढलेली पाहिली आहे. दोन्ही काठांना खारफुटी, तिच्या मुळांशी चिखलात टपून बसलेले बगळे. मागे वळून पाहिलं तर बोरिवलीचे मनोरे, आणि समोर ताडाची झाडं.

मी चाकांची बॅग नेली होती. विचार केला नाही. गावात रिक्षा सोडल्यावर हिरामावशींच्या घरापर्यंत वाळूची गल्ली. चाकं वाळूत रुतली, बॅग आडवी झाली, मी ती नांगरासारखी ओढत निघालो. ओट्यावर जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "विमान उशिरा आलं का?" पुढे गल्लीभर तोच विनोद माझ्या आधी पोचत राहिला.

हिरामावशी पडवीत भांडी घासत होत्या. बॅगेकडे बघून म्हणाल्या, "चार दिवसांना एवढं? लग्न हाय का कोणाचं?"

"मावशी, सवय आहे हो."

"आणि ते मावशी मावशी काय लावलंस? तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेन फक्त. सगळी मुंबई आम्हाला मावशी बोलते. बाजारात टक्कल पडलेला म्हातारा येतो, तो पण मावशी!"

आतून त्यांचा नवरा हसला. काकांनी आता बोटीवर जाणं सोडलंय, गुडघे गेलेत. जेवायला त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारत चालणारा मासा, डोळे डोक्यावर. मी तो बोटीतून पाहिलेला, ताटात पहिल्यांदा. आमच्या घरात मासा आईच्या पश्चात आला, तोही कापून, धुऊन, डब्यातून. इथे अख्खा. मी काटे काढत बसलो तेव्हा काका म्हणाले, "हापिसचं काम हाय काय? खा की."

खाल्ला. चव मातीची असेल असं वाटलं होतं, तशी नव्हती. गोडसर होती, चिंचेने आणखी खुललेली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जयवंतीबाईंचं नाव त्या दिवशी मी काढलं नाही. मावशींनीही काढलं नाही.

खळं

दुसऱ्या दिवशी मावशींबरोबर खळ्यावर गेलो. मासळी वाळवायची मोकळी जागा ती. बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. मी इतकी वर्षं सुके बोंबील खात आलो, पण ते टांगतात कसे हे माहीत नव्हतं. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची. खालच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, दात दातांत. मग ती जोडी दोरीवर सोडायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. गाठ नाही, खिळा नाही. मावशी बोलता बोलता टांगत होत्या. मी केलं तर दात बोटात घुसले आणि जोडी वाळूत पडली. मावशींनी ती पाण्यात बुचकळून माझ्याच हातात परत दिली.

मग जवळा, म्हणजे इवलाली कोळंबी, वाळत पसरायचा होता. मी टोपली घेऊन जवळच्या मोकळ्या कोपऱ्यात गेलो.

"तिथं नको," मावशी ओरडल्या. "ती लीलाची."

"पण इथे कोणीच नाही."

"ती नाय. जागा हाय ना."

मी आजूबाजूला पाहिलं. दगड नाही, रेघ नाही, काठीसुद्धा नाही. लीलाबाई मुलीच्या बाळंतपणाला वसईला गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत तिथे कोणी मासळी घालणार नव्हतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत प्रत्येक गाडीच्या जागेवर पिवळ्या रंगाने नंबर घातलेला आहे, शिवाय साखळी आणि कुलूप, तरी दर रविवारी भांडण असतं. सोसायटीचा सचिव म्हणून मी स्वतः दोन माणसांना चौकीपर्यंत नेलं आहे. मला खरंच कुतूहल वाटलं. मी मावशींना विचारत सुटलो. लीलाबाई दोन वर्षं आल्याच नाहीत तर? तर तिच्या सुनेची. सून नसेल तर? तर लीला सांगेल तिची. आणि कोणी मुद्दाम घातलं तर?

"कोण घालेल? गावात राहायचं नाय का तिला?" मावशी म्हणाल्या आणि मग थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला जवळा तसाच.

मला वाटलं, आता बोललो नाही तर बोलणं होणार नाही. म्हणालो, "मावशी, मग मी बाजारात पाटी उचलली तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"गप्प बसणारच. आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटलं जयवंतीनेच तुला सांगितलं, दे म्हणून. तू तिच्या ऑपरेशनला कागद करून दिले होतेस ना? येत-जात होतास. वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल. तिला आता झेपत नसेल."

"मला ती जागा कोणाची आहे तेच माहीत नव्हतं."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाटी होती ना रे पालथी? दगड होता ना वर?"

"मला वाटलं, कोणीतरी टाकून दिलीय."

त्या वाळूत बसल्याच. पदराने तोंड पुसलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तिला वाटतंय, आम्ही दिली."

जयवंती आणि हिरा माहेरच्या एका आळीतल्या. हॉस्पिटलात डबा हिरामावशींनी पोचवला होता. पाटी पालथी घालून दगड ठेवणाराही त्यांचाच हात. त्या सकाळपासून जयवंतीबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मावशींना वाटत होतं, हिने आपणच जागा सोडून दिली आणि वर माझ्याकडूनच तोंड फिरवते. इतके दिवस मी समजत होतो की माझ्यामुळे एक जागा गेली. जागेबरोबर काय गेलं होतं ते मला त्या वाळूत कळलं.

संगीता

संध्याकाळी विहिरीजवळ संगीता भेटली. मी तिला सगळं सांगितलं. ती बादली खाली ठेवून म्हणाली, "मना माहीत होतं सर."

"काय माहीत होतं?"

"जागा जयवंतीमामीची. गावात सगळ्यांना माहीत हाय. पण तुम्ही बोललात बस, म्हणून बसली. तुम्ही सर. तुमच्या नावावर कोण काय बोलणार?" तिचा आवाज चढला. "दोन महिने रांगेत कोण माझ्याशी धड बोलत नाय. बर्फ संपला तर कोण मूठभर देत नाय. आणि आता मामीला परत बसवाल, मग माझं काय? घरी नवऱ्याची रिक्षा आठवड्यातले चार दिवस बंद."

रात्री जेवताना मावशींकडे विषय काढला. त्या भाकरी थापत होत्या.

"सरकू आम्ही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीने वीतभर सरकलं तर टोकाला एक बाई बसते. पोरगी वाईट नाय. पण आधी जयवंती आपल्या जागेवर बसली पाहिजे. ती बसत नाय तोवर कोण सरकणार नाय, मी पण नाय."

काका मध्येच म्हणाले, "आणि हा चालला देवनारला."

मी दचकलो. कोणी सांगितलं? संस्थेचं सगळं गटाच्या बायकांना आधी कळतं, हे मला तेव्हा कळलं. मी मावशींना सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? मी थांबू की जाऊ?"

मावशी हसल्या. "मला काय विचारतो? मी बोलावलं होतं का तुला? तू जा नायतर राहा, बोट सहालाच सुटते. पण हे असं टाकून गेलास तर आमच्या दोघींचा अबोला कोण सोडवणार? देवनारवरून करशील?"

त्या रात्री मला बराच वेळ एकच गोष्ट सुचत राहिली. देवनारलाही बायका असणार, त्यांचेही कोपरे असणार, ज्यांच्यावर काही लिहिलेलं नसेल. तिथे मी पहिल्या आठवड्यात कोणाचा दगड उचलला असता, देव जाणे.

मनोरीच्या वाटेवर

जयवंतीबाई आता मनोरीच्या बाजूला बंगल्याबंगल्यांतून हिंडून मासळी विकतात. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी परतल्या तेव्हा मी दारात उभा होतो. पंचेचाळीसच्या आसपासची, सडसडीत बाई. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलेलं. बाजारच्या रांगेत असताना रिक्षा, टेम्पो सगळं सामाईक, एकमेकींना हात. इथे सगळं एकटीने. त्या पाठीला हात लावून हळूच ओट्यावर बसल्या. मुलीला हाक मारली, "चहा टाक गं, सर आलेत." त्या 'सर'मध्ये मान नव्हता.

मी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"थांबा. आधी चहा घ्या. दारात आलेल्याला तसंच पाठवत नाय आम्ही."

चहा आला. मी घेतला. मग सांगितलं, की जागा तुमची आहे हे मला माहीत नव्हतं, रांगेतल्या कोणीही ती दिली नाही, त्यांना वाटलं तुम्हीच दिली. त्या ऐकत राहिल्या. मधेच एकदा म्हणाल्या, "हिराने नाय दिली?"

"नाही. त्यांनी तर राखली होती."

"मग बोल्ली का नाय माझ्याशी?"

"त्यांना वाटलं तुम्हीच बोलत नाही."

जयवंतीबाई दाराबाहेर बघत बसल्या. कोंबड्या अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याकडे निघाल्या होत्या, त्यांना हाकलायलाही उठल्या नाहीत. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "जयवंतीबाई, मला माफ..."

"हितं नको."

"म्हणजे?"

"हितं कोण ऐकतंय? माझी पोरगी आणि कोंबड्या. गावात बोलतात, जयवंतीने जागा सोडली, जयवंती थकली. पाटी तुम्ही सगळ्यांसमोर उचललीत ना? मग बोलायचं पण तिथं. सगळ्यांसमोर."

"बोलेन. उद्या सकाळी. तुम्ही याल?"

"मी कशाला येऊ?" त्या उठल्या. "आपल्या जागेवर कोण मागून बसतं? तसं बसायचं असतं तर त्याच दिवशी बसली नसती का, संगीताला उठवून?"

परतताना मी वाट चुकलो आणि खाडीच्या अंगाला चिखलात उतरलो. एक चप्पल तिथेच राहिली. हिरामावशींनी विचारलं, "काय बोल्ली?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि काकांची जुनी चप्पल पुढे सरकवली. त्यांना काय वाटलं ते कळलं नाही.

बोरिवली

चौथ्या दिवशी पहिल्या बोटीला थंडी होती. धक्क्यावर टोपल्यांची रांग, बर्फाचं पाणी फरशीवर वाहत असलेलं. बायका कानाला पदर गुंडाळून उभ्या. संगीता एका टोकाला. जयवंतीबाई दिसत नव्हत्या. बोटवाल्याने दोर सोडायला घेतला तेव्हा त्या आल्या, डोक्यावर टोपली, आणि कोणाकडेही न बघता बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. हिरामावशींनी तिकडे पाहिलं आणि लगेच पाण्याकडे पाहिलं.

बोटीतूनच मी रुजुताला फोन केला. एवढ्या सकाळी उचलला तिने. म्हणालो, मी गोराईलाच थांबतो, देवनारला दुसरं कोणी बघ. ती म्हणाली, "ठीक आहे काका, पण कारण काय लिहू?" मी म्हणालो, कारण मी लेखी कळवीन, माझ्या आधीच्या अहवालात एक गोष्ट खोटी आहे. ती म्हणाली, "या मग, बोलू."

मी थांबतोय हे बायकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माफीच्या आधी मागितलेलं बक्षीस झालं असतं.

गल्लीत पोचल्यावर रोजच्यासारखं सुरू झालं. पाट मांडले गेले, कोयते निघाले, पापलेट आणि बोंबलांचे वाटे लागले. संगीता त्या जागेशी गेली, पण बसली नाही. हातात टोपली घेऊन बाजूला उभी राहिली. जयवंतीबाई रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी, डोक्यावर टोपली तशीच. इकडे पाहत नव्हत्या, पण गेल्याही नव्हत्या.

मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. त्यात 'गैरसमज' असा शब्द होता. रांगेसमोर उभा राहिलो आणि तो शब्द तोंडातून निघेना, कारण गैरसमज व्हायला आधी काहीतरी विचारावं लागतं. मी आयुष्यभर माणसांसमोर पॉलिसी समजावून सांगत आलो, इथे दहा-बारा बायकांसमोर तयार केलेलं वाक्य टाकून द्यावं लागलं.

"जरा ऐकता का सगळ्या," मी म्हणालो. आवाज रिक्षांच्या वर जाईना. पुन्हा मोठ्याने म्हणालो.

कोयते थांबले. एक गिऱ्हाईक वाकून विचारत होतं, "मावशी, पापलेट कसं दिलं?"

"थांब जरा," हिरामावशी त्याला म्हणाल्या. "माणूस बोलतोय."

मी रस्त्याच्या पलीकडे तोंड केलं. "ही जागा जयवंतीबाईंची आहे. त्यांनी ती मला दिली नव्हती. हिरामावशींनीही दिली नव्हती. त्यांनी ती राखली होती. मी कोणालाच न विचारता पाटी उचलली आणि संगीताला बसवलं. तिचा यात दोष नाही, ती माझ्या शब्दावर बसली."

हिरामावशी उठल्या. ओले हात लुगड्याला पुसत रस्ता ओलांडून गेल्या आणि जयवंतीबाईंच्या डोक्यावरच्या टोपलीला त्यांनी दोन्ही हात लावले. भरलेली टोपली एकटीला उतरवता येत नाही. दोघी एकमेकींकडे न बघता ती उतरवत होत्या. मला तिथेच थांबता आलं असतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. पण माझं बोलून झालं नव्हतं.

"जयवंतीबाई," मी म्हणालो, "तुम्ही परत आलात त्या दिवशीच मला कळलं होतं, मी काय केलं ते. तरी मी तुमच्या मागे आलो नाही. लाज वाटली, म्हणून गप्प बसलो, आणि तुम्हाला दारोदार हिंडू दिलं. पाटी उचलली ती नकळत. गप्प बसलो ते जाणूनबुजून. त्याची माफी मागतोय. माझं चुकलं."